सबव्हर्जनमधून गिटकडे: पुण्यातल्या एका मराठी शब्दतपासणी प्रकल्पाचं स्थलांतर

प्रकल्प छोटा, पण जुना. मराठी शुद्धलेखन तपासणारा मुक्तस्रोत शब्दसंग्रह, हनस्पेल या तपासनीसासाठी बांधलेला. गाभ्याला दोनच फाइली आहेत. एक ‘डिक’, म्हणजे ओळीला एक शब्द अशी यादी. दुसरी ‘अ‍ॅफ’, म्हणजे सामान्यरूपं आणि विभक्तिप्रत्यय कसे लागतात याचे नियम. त्याभोवती लिबरऑफिस आणि फायरफॉक्ससाठी एक्स्टेन्शन बांधणाऱ्या पायथन आणि पर्ल स्क्रिप्ट, चाचणीचे नमुने, आणि वर्षानुवर्षं साचलेला बराच ऐवज.

हे सगळं २००६पासून पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर, सबव्हर्जनमध्ये, म्हणजे फाइलींत कुणी केव्हा काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या साधनात होतं. साधारण ८,४०० रिव्हिजन (क्रमांक दिलेले बदल), ३१ युजरनेम आणि डिस्कवर सव्वादोन जीबी. सर्व्हर निवृत्त होणार होता. काम करणाऱ्यांत दोन तट सरळ दिसत. एकीकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हिंजवडी-खराडीत नोकरी करणारे प्रोग्रॅमर. दुसरीकडे सदाशिव-नारायण पेठेतले मुद्रितशोधक आणि निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांच्यासाठी विंडोजवरचा टॉर्टॉइज-एसव्हीएन हा खिडक्या-बटणांचा क्लायंट म्हणजेच सबव्हर्जन. शब्दांचं खरं काम या दुसऱ्या मंडळींचं आहे. ही गोष्ट पुढचे बरेच निर्णय ठरवते.

गिटच का

गिट हेही बदलांची नोंद ठेवणारं साधन, पण त्यात प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास असतो. सबव्हर्जन वाईट नाही, हे आधी म्हणायला हवं. एकच मोठी यादी, सरळ रेषेतला इतिहास, क्रमाने वाढणारे रिव्हिजन नंबर: अशा कामाला ते छान बसतं. सोर्सफोर्ज या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सबव्हर्जनची सोय आजही आहे आणि नुसता सर्व्हर बदलून भागलं असतं. त्या पर्यायावर गंभीरपणे विचार झाला. तो सोडण्याचं कारण एकच: नवीन येणारा प्रत्येक विद्यार्थी गिट शिकून येतो, आणि लिहिण्याचा अधिकार न देता बदल स्वीकारण्याची सोय सबव्हर्जनमध्ये पॅच फाइल (बदललेल्या ओळींची यादी) ईमेलने पाठवण्यापलीकडे जात नाही.

मर्क्युरियल हे त्याच जातीचं तिसरं साधन चर्चेत टिकलं नाही. बिटबकेट या संकेतस्थळाने त्याची सोय २०२०मध्ये बंद केली आणि फायरफॉक्सचा कोडही २०२५मध्ये मर्क्युरियलमधून गिटवर आला. ‘गिटहबवर ठेवू, जुने लोक सबव्हर्जनच्या क्लायंटनेच जोडतील’ हा मधला मार्गही आता नाही, कारण गिटहब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या संकेतस्थळाने ती सोय ८ जानेवारी २०२४ला काढून टाकली.

एक नियम, दोन अपवाद

सुरुवातीलाच नियम ठरला: इतिहास जसा आहे तसा येईल, सफाई नंतर आणि वेगळ्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात). स्थलांतर करता करता ओळींचे शेवट (ओळ संपल्याच्या अदृश्य खुणा) सुधारणं, फाइलींची नावं बदलणं, जुने संदेश नीट करणं हा मोह फार असतो. पण तसं केलं की पडताळणीच अशक्य होते. दोन बाजूंची तुलना केल्यावर फरक दिसला, तर तो स्थलांतरातली चूक आहे की मुद्दाम केलेली सुधारणा, हे कुणालाच सांगता येत नाही. अपवाद दोनच ठरले आणि दोन्ही लिहून ठेवले: प्रताधिकाराबद्दल शंका असलेला मजकूर, आणि बांधून तयार झालेल्या एक्स्टेन्शनच्या फाइली.

आधी आरसा

मूळ सर्व्हरवर थेट काम करायचं नाही. त्याची पूर्ण स्थानिक प्रत हवी, कारण नेटवर्कवरून एकेक रिव्हिजन ओढणं संथ असतं आणि रूपांतराची पुढची साधनं डिस्कवरचाच रेपो (इतिहासासकट पूर्ण साठा) मागतात. प्रतीचे दोन रस्ते आहेत. सर्व्हरवर शिरकाव असेल तर ‘एसव्हीएन-अ‍ॅडमिन हॉटकॉपी’ सगळ्यात सरळ. नसेल तर ‘एसव्हीएन-सिंक’. त्यासाठी रिकामा रेपो तयार करून त्यात ‘प्री-रेव्हप्रॉप-चेंज’ हा हूक (ठरावीक क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) ठेवावा लागतो आणि तो शून्य, म्हणजे ‘चालेल’, परतवणारा असावा लागतो. हे विसरलं तर सिंक पहिल्याच पायरीवर अडतं.

इथे दुसरा रस्ता वापरावा लागला आणि तोच बरा ठरला. डंप करून (इतिहास एका फाइलीत उतरवून) लोड करण्याच्या पहिल्या प्रयत्नात लोड मधेच थांबलं होतं. तक्रार अशी की कमिटच्या संदेशात चुकीचे ओळशेवट आहेत. सबव्हर्जन १.६च्या आधीचे सर्व्हर संदेशात विंडोजचे ओळशेवट मुकाट्याने स्वीकारत, नंतरचे स्वीकारत नाहीत. एसव्हीएन-सिंक मात्र हे शेवट स्वतः सरळ करतं आणि किती ठिकाणी केले तेही शेवटी सांगतं. प्रत झाल्यावर ‘एसव्हीएन-अ‍ॅडमिन व्हेरिफाय’ चालवून मगच पुढे जावं.

काही अगदी जुने संदेश रोमन अक्षरांची खिचडी दिसत होते. ते शिवाजी किंवा श्रीलिपीसारखे जुने फाँट लावून टंकलेले मराठी आहेत. युनिकोड नव्हे, रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी चित्रं. तक्ता लावून ते उलगडता आले असते. नियमाप्रमाणे ते तसेच ठेवले.

कोणतं साधन

बहुतेकांचा हात आधी ‘गिट-एसव्हीएन’कडे जातो. ते गिटबरोबरच येतं आणि ट्रंक (मुख्य रेषा), ब्रँचेस (फाटे), टॅग्ज (प्रकाशनांच्या खुणा) अशी शिस्तीची रचना पहिल्यापासून असेल तर पुरतं. इथे तशी नव्हती. पहिल्या सहाशेएक रिव्हिजनमध्ये फाइली थेट मुळाशी होत्या. नंतर कुणीतरी ट्रंक नावाचं रिकामं फोल्डर केलं आणि एकेक फाइल त्यात हलवली. गिट-एसव्हीएन फोल्डरच्या कॉपीचा माग काढत मागे जातं. फोल्डर कॉपी न होता नवं बनलं असेल तर त्याच्या लेखी इतिहास तिथेच सुरू होतो. चाचणीत पहिली दोन-तीन वर्षं गायब झाली, आणि कोणतीही सूचना न देता.

म्हणून केडीई या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या स्थलांतरासाठी घडवलेलं ‘एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्स्पोर्ट’ घेतलं. ते एसव्हीएन-टू-गिट या नावानेही ओळखलं जातं, आणि त्याच नावाचं दुसरं एक रुबी साधन आहे, तेव्हा गल्लत करू नये. यात नियमांची फाइल आपण लिहायची: कोणत्या रिव्हिजनपासून कोणत्या रिव्हिजनपर्यंत, कोणता पथ, कोणत्या ब्रँचमध्ये. ‘या रिव्हिजनपर्यंत मुळाशी असलेलं सगळं मुख्य ब्रँचमध्ये, त्यापुढे फक्त ट्रंकमधलं’ असे नियम लिहिले की तुटलेला धागा जुळतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोल्डर जुळवणाऱ्या नियमाच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. आणि कोणत्याही नियमात न बसणारा पथ भेटला की हे साधन तिथेच बंद पडतं. पहिल्यांदा वैताग येतो, पण हाच त्याचा मोठा गुण. इथे त्यामुळेच कुणीतरी ब्रँचेसऐवजी मुळाशी बनवलेलं ‘ट्रंक-जुना’ हे फोल्डर सापडलं.

याहून गुंतागुंतीचा इतिहास असेल तर एरिक रेमंड यांचं ‘रेपोसर्जन’ आहे. जीसीसी कंपायलर जानेवारी २०२०मध्ये त्यानेच गिटवर आणला. आठ हजार रिव्हिजनच्या प्रकल्पाला ते शिकण्याइतका वेळ देणं परवडत नाही.

मर्जबद्दल, म्हणजे एका ब्रँचमधले बदल दुसरीत मिसळण्याबद्दल, एक निर्णय. सबव्हर्जनने मर्जची नोंद ठेवायला २००८च्या १.५ आवृत्तीपासून सुरुवात केली, त्याआधीचं मर्ज म्हणजे साधं कमिट. संदेश वाचून जुन्या मर्जच्या रेषा गिटमध्ये काढता येतात, पण त्या अंदाजाने काढलेल्या असतात. काढल्या नाहीत.

नावं

सबव्हर्जनकडे फक्त युजरनेम असतं. गिटला पूर्ण नाव आणि ईमेल लागतो, आणि एकदा प्रसिद्ध झाला की तो प्रत्येक क्लोनमध्ये (उतरवून घेतलेल्या प्रतीत) कायमचा राहतो. म्हणून ३१ युजरनेमची यादी काढून प्रत्येकाला विचारायचं ठरलं: नाव कसं हवं, देवनागरीत की रोमनमध्ये, आणि कोणता ईमेल चालेल. गिट युनिकोड पाळतं, तेव्हा देवनागरी नावाला तांत्रिक अडचण काहीच नाही. ईमेल उघड करायचा नसेल त्यांच्यासाठी गिटहबचा ‘नो-रिप्लाय’ पत्ता वापरता येतो, आणि त्यांच्या खात्याशी कमिट तरीही जोडलं जातं.

यात तीन पेच आले. एक सदस्य हयात नाहीत. त्यांचं नाव पूर्ण ठेवलं, पत्त्याच्या जागी कधीच अस्तित्वात येणार नाही असा ‘इनव्हॅलिड’ डोमेनचा पत्ता. हे डोमेन अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. चार युजरनेमचे मालक सापडले नाहीत, तिथे युजरनेमच नाव म्हणून राहिलं. तिसरा पेच मोठा: मुद्रितशोधकांचा गट अनेक वर्षं एकाच सामायिक खात्यावरून कमिट करत होता. कोणता शब्द कुणी घातला हे संदेशांच्या शैलीवरून ओळखण्याची सूचना आली. ती मान्य करू नये. चुकीचं श्रेय अनामिकतेपेक्षा वाईट. खातं गटाच्या नावानेच आलं आणि गटातल्या सगळ्यांची नावं श्रेयनामावलीच्या फाइलीत गेली.

ही यादी रूपांतराच्या आधीच पक्की हवी. नाव नंतर बदललं तर त्या कमिटचा आणि पुढच्या प्रत्येक कमिटचा ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळख) बदलतो. किरकोळ दुरुस्त्यांना ‘मेलमॅप’ फाइल पुरते. ती दाखवताना नाव बदलते, इतिहासाला हात लावत नाही.

एकसारखी दिसणारी दोन नावं

परदेशी मार्गदर्शकांत न सापडणारा भाग हा. रेपोत काही फाइलींची नावं मराठीत होती आणि ‘ऱ्हस्व-दीर्घ’ या नावाची फाइल एकाच फोल्डरमध्ये दोनदा दिसत होती.

कारण ‘ऱ’मध्ये आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकच संकेतांक यू+०९३१, किंवा ‘र’ (यू+०९३०) आणि त्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (यू+०९३C). मानकाप्रमाणे दोन्ही समतुल्य, पण बाइट वेगळे. मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस फाइलव्यवस्थेत प्रत्येक नाव सुटं करून साठवलं जाई, म्हणजे तिथे ‘ऱ’चा ‘र अधिक नुक्ता’ होई. विंडोज आणि लिनक्स नाव दिलं तसं ठेवतात. सबव्हर्जन आणि गिट दोघंही नाव म्हणजे बाइटांची ओळ मानतात. मॅकवरून कमिट झालेली फाइल आणि विंडोजवरून झालेली फाइल अशा दोन वेगळ्या फाइली होऊन बसल्या, आणि आतले शब्द दोन्हीकडे वेगवेगळे वाढत गेले.

अशा जोड्या डोळ्यांनी सापडत नाहीत. इतिहासातले सगळे पथ काढून, पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ने त्यांचं एनएफसी (सुटे तुकडे जोडलेलं) रूप करून, एकाच रूपाला दोन पथ जुळतात का ते पाहावं. पथ काढताना गिटला ‘झेड’ हा पर्याय द्यावा, म्हणजे नावं शून्य बाइटने सुटी होऊन मिळतात. तो दिला नाही तर गिट देवनागरी नावं अवतरणात घालून अष्टमान आकड्यांत छापतं आणि स्क्रिप्ट फसते. रोजच्या वापरात ‘कोअर-कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की ‘गिट स्टेटस’मध्ये नावं वाचता येतात. विद्यार्थ्यांना द्यायच्या सूचनांत ही पहिली ओळ असावी.

जुना इतिहास बदलला नाही. मॅकवर एखादं जुनं कमिट उघडलं तर एक फाइल उगाचच बदललेली दिसेल, तेवढं चालवून घेतलं. मुख्य ब्रँचच्या टोकाला दोन्ही फाइली एकत्र करून नाव रोमन केलं. फाइलींना मराठी नावं असावीत असं वाटणाऱ्यांचा यावर नाराजीचा सूर होता, आणि तो समजण्यासारखा आहे.

हाच घोळ शब्दांच्या आतही आहे. ‘दऱ्या’मधला आडव्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र काहींनी ‘ऱ’ला हलन्त देऊन, काहींनी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहिलेला. तुलनेत ओळ बदललेली दिसते आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. याची सफाई स्थलांतरानंतरच्या एका स्वतंत्र कमिटमध्ये झाली.

जड सामान

सव्वादोन जीबीतलं शब्दांचं वजन नगण्य होतं. ‘गिट फिल्टर-रेपो’ या इतिहास गाळणाऱ्या साधनाला ‘अ‍ॅनलाइझ’ म्हटलं की कोणत्या पथाने किती जागा खाल्ली याचे अहवाल मिळतात. दोन दोषी निघाले. प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी कमिट केलेल्या एक्स्टेन्शनच्या फाइली, आणि वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरून जमवलेला १४० एमबीचा मजकूर, शब्दांची वारंवारता मोजण्यासाठी. १०० एमबीवरची फाइल गिटहब स्वीकारत नाही, पण खरा प्रश्न आकाराचा नव्हता. तो मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्कच प्रकल्पाकडे नव्हता. तो इतिहासासकट काढला. त्यावरून काढलेली वारंवारतेची यादी राहिली.

एक्स्टेन्शनच्या फाइली इतिहासातून काढून संबंधित टॅगच्या ‘रिलीज’ला जोडल्या. मोठ्या फाइलींसाठीचं गिट-एलएफएस नाकारलं, कारण प्रत्येक योगदात्याच्या संगणकावर आणखी एक साधन बसवायला लागलं असतं.

फिल्टर-रेपो ताज्या क्लोनवरच चालवावं. तसं नसेल तर ते स्वतःच नकार देतं, आणि जबरदस्तीचा पर्याय वापरून तो नकार डावलू नये. त्याची एक सवय माहीत हवी: फाइली काढल्यामुळे रिकामी झालेली कमिट ते गाळून टाकतं. मग जुने रिव्हिजन नंबर आणि नवी कमिट यांचा मेळ बसत नाही. ‘प्रून-एम्टी’ला ‘नेव्हर’ दिलं की रिकामी कमिटही जागेवर राहतात.

‘रेव्ह’ची खूण आणि तुटलेली आवृत्ती

सबव्हर्जनमध्ये फाइलीत डॉलरच्या चिन्हांमध्ये ‘रेव्ह’ लिहून त्या फाइलीला कीवर्डची खूण केली की बाहेर काढताना तिथे रिव्हिजन नंबर भरला जातो. एक्स्टेन्शन बांधणारी स्क्रिप्ट आवृत्तीचा शेवटचा आकडा तिथूनच उचलत होती. गिट असं काही भरत नाही. पहिल्या चाचणी बांधणीत आवृत्तीच्या जागी डॉलर-रेव्ह-डॉलर असंच छापून आलं.

आता आकडा ‘गिट डिस्क्राइब’ देतं, शेवटच्या टॅगवरून. इथे दोन खाचखळगे आहेत. जुन्या आवृत्त्या १.२ आणि त्यापुढे चार अंकी रिव्हिजन अशा होत्या. नवी १.२.१ केली असती तर लिबरऑफिसने ती जुनी समजून कुणालाही अद्ययावत केलं नसतं. म्हणून थेट १.३.०. दुसरं, गिटहब अ‍ॅक्शन्सचं ‘चेकआउट’, म्हणजे आपोआप होणाऱ्या बांधणीसाठी फाइली आणणारी पायरी, मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचं कमिट आणतं. टॅग आलेच नाहीत तर डिस्क्राइब ‘नावच सापडलं नाही’ म्हणून थांबतं. ‘फेच-डेप्थ’ शून्य केलं की पूर्ण इतिहास आणि टॅग येतात.

ओळशेवटांचं तसंच. ज्या फाइलींना सबव्हर्जनची ‘ईओएल-स्टाइल’ खूण होती त्या रेपोत स्वच्छ होत्या, बाकीच्यांत विंडोजचे शेवट तसेच शिरलेले. ‘गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइल घातल्यावर त्या सगळ्या एकदम बदललेल्या दिसायला लागतात. ‘गिट अ‍ॅड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ देऊन एकाच कमिटमध्ये त्या सरळ केल्या आणि त्या कमिटचा हॅश ‘ब्लेम’ने (कोणती ओळ कुणी बदलली ते सांगणाऱ्या आज्ञेने) दुर्लक्ष करायच्या यादीत घातला. ही यादी वापरण्याची सोय गिट २.२३पासून आहे. एका जुन्या फोल्डरात इस्की या १९९१च्या भारतीय मानकातली यादी पडून होती. तिला ‘टेक्स्ट नाही’ अशी खूण केली, म्हणजे गिट तिच्या बाइटांना हात लावणार नाही.

पहिली ओळ

हनस्पेलच्या डिक फाइलीच्या पहिल्या ओळीत एकूण शब्दांची अंदाजे संख्या असते. प्रत्येक जण शब्द घातल्यावर ती वाढवायचा. सबव्हर्जनमध्ये कमिटआधी ‘अपडेट’ केलं की तो खटका तिथल्या तिथे मिटे. गिटमध्ये पाच जणांच्या पाच पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याच्या विनंत्या) एकाच वेळी उघड्या असतात आणि पाचही पहिल्या ओळीवर आपटतात. एक मर्ज केली की उरलेल्या चारांत कॉन्फ्लिक्ट. त्यात भर म्हणजे नवे शब्द सगळेच यादीच्या तळाशी घालत, तेव्हा तिथेही टक्कर.

गिटमध्ये ‘मर्ज युनियन’ अशी खूण करता येते, जी टकरीत दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवते. शब्दयादीला हे उत्तर वाटतं, पण नाही. दोघांनी एकाच शब्दाचा प्रत्ययगट वेगवेगळा बदलला तर तो शब्द दोनदा राहतो आणि कुणाला कळतही नाही. शिवाय ही खूण आपल्या संगणकावरचं गिट पाळतं, वेबवरचं मर्जचं बटण पाळेलच याची खात्री धरता येत नाही.

शेवटी रचनाच बदलली. संख्या स्रोतात ठेवायचीच नाही, बांधणीच्या वेळी मोजून घालायची. यादी आद्याक्षरांनुसार फोडायची आणि प्रत्येक फाइल कायम क्रमाने लावलेली ठेवायची, म्हणजे दोघांचे नवे शब्द सहसा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. क्रम तपासणं चाचणीचा भाग झालं. क्रम मात्र ‘एलसी-ऑल’ला (भाषा-प्रांताच्या, म्हणजे लोकॅलच्या, सेटिंगला) ‘सी’ देऊनच लावायचा. मराठी लोकॅलवर भरवसा ठेवला तर दोन संगणकांवर दोन क्रम येऊ शकतात, कारण लिनक्सच्या मूळ लायब्ररीत, २०१८च्या जीलिबसी २.२८मध्ये, क्रमाचे तक्ते बदलले आहेत.

‘सी’चा क्रम म्हणजे संकेतांकांचा क्रम, आणि त्यात ‘ळ’ ‘ल’च्या लगेच पुढे येतो. त्यामुळे ‘काळ’ हा शब्द ‘कास’च्या आधी बसतो. कोशात ‘ळ’ ‘ह’नंतर असतो हे डोक्यात पक्कं असलेल्या शिक्षकांना हे खटकलं आणि त्यांचा आक्षेप बरोबरच होता. स्रोताचा क्रम यंत्रासाठी, छापायच्या यादीचा क्रम वेगळ्या स्क्रिप्टने कोशाप्रमाणे, अशी वाटणी झाली. फाइल फोडल्यावर ओळीचा जुना कर्ता शोधायचा असेल तर ‘ब्लेम’ला मोठा ‘सी’ हा पर्याय द्यावा, तो दुसऱ्या फाइलीतून आलेल्या ओळींचा मागही काढतो.

पडताळणी

रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक टॅग, प्रत्येक ब्रँचचं टोक आणि मुख्य रेषेवरचं दर शंभरावं रिव्हिजन दोन्हीकडून बाहेर काढून फोल्डरशी फोल्डर ताडून पाहिलं. सबव्हर्जनकडून काढताना ‘इग्नोर-कीवर्ड्‌स’ द्यावं, नाहीतर रेव्हच्या खुणा प्रत्येक फाइलीत फरक दाखवतात. ही तुलना फिल्टर-रेपोच्या आधी करायची. त्यानंतर पुन्हा केली तर काढलेल्या फाइलींपुरताच फरक दिसला पाहिजे.

रिकामी फोल्डर येत नाहीत, गिट ती ठेवतच नाही. बांधणीच्या स्क्रिप्टला एक रिकामं ‘आउट’ फोल्डर हवं होतं, ते आता ती स्वतः बनवते. कमिटची संख्या रिव्हिजनशी तंतोतंत जुळत नाही आणि जुळायलाही नको: एका रिव्हिजनने दोन ब्रँच बदलल्या असतील तर दोन कमिट होतात. सबव्हर्जनमधला टॅग म्हणजे नुसतं फोल्डर. तीन टॅगमध्ये नंतरही बदल कमिट झालेले निघाले. प्रत्यक्षात वाटली गेलेली एक्स्टेन्शन ज्या अवस्थेतून बांधली होती, त्या अवस्थेला गिटचा टॅग दिला.

जुन्या चर्चांत ‘आर ४५२१मध्ये बघा’ असे शेकडो उल्लेख आहेत. रूपांतर करताना ‘अ‍ॅड-मेटाडेटा’ दिलं होतं, त्यामुळे प्रत्येक संदेशाच्या शेवटी मूळ रिव्हिजन नंबर आहे. त्यावरून रिव्हिजन ते हॅश असा तक्ता काढून रेपोतच ठेवला. तक्ता फिल्टर-रेपो चालवून झाल्यावरच काढावा, त्याआधीचे हॅश निरुपयोगी ठरतात.

बदलाचा दिवस

तारीख गणेशोत्सव उलटून गेल्यावरची धरली. त्या दहा दिवसांत पुण्यात स्वयंसेवक मिळत नाहीत आणि मध्य पेठांतून हलताही येत नाही. महाविद्यालयांच्या परीक्षाही टाळल्या. त्या दिवशी सबव्हर्जनवर ‘प्री-कमिट’ हूक बसवला, जो प्रत्येक कमिट नाकारून नवा पत्ता सांगतो. संदेश मराठीत लिहिला होता. हूक रिकाम्या वातावरणात, साध्या ‘सी’ लोकॅलमध्ये चालतो, त्यामुळे टॉर्टॉइजच्या खिडकीत प्रश्नचिन्हं आणि २२४, १६४ अशा आकड्यांची रांग उमटली. देवनागरीचे यूटीएफ-८ बाइट असेच सुरू होतात. वर एक रोमन ओळ घातल्यावर निरोप पोचला.

टॉर्टॉइजवाली मंडळी

टॉर्टॉइज-गिट दिसायला तसंच आहे, म्हणून तेच देऊ असा पहिला विचार होता. चाचणीत एकच गोष्ट वारंवार घडली: कमिट केलं, हिरवी खूण आली, पुश (सर्व्हरवर पाठवणं) राहिलं. सबव्हर्जनमध्ये कमिट म्हणजे सर्व्हरवर गेलं. वीस वर्षांची सवय एका सूचनापत्रकाने जात नाही, आणि अर्धा दिवस खपून तपासलेले शब्द लॅपटॉपवरच पडून राहतात.

मग त्यांच्यासाठी गिट पूर्ण बाजूला ठेवलं. गिटहबवर ‘इश्यू फॉर्म’ केला: शब्द, जात, लिंग, सामान्यरूप, उदाहरणाचं वाक्य, आधार कोणत्या कोशाचा. वाक्याची चौकट सक्तीची, कारण ‘वेळ’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे वाक्याशिवाय ठरत नाही. आठवड्याला एक विद्यार्थी मंजूर शब्द गोळा करून एका कमिटमध्ये घालतो आणि संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ ओळीत सुचवणाऱ्यांची नावं देतो. सामायिक खात्यामुळे जे श्रेय आधी हरवत होतं ते आता नावानिशी नोंदलं जातं. ज्यांना स्वतः बदल करायचा आहे ते वेबवरच फाइल उघडून सुधारतात. लिहिण्याचा अधिकार नसला तरी गिटहब आपोआप फोर्क (स्वतःची प्रत) करून पुल रिक्वेस्ट तयार करतं.

मागे राहिलेलं

लिनक्स वितरणांत हा शब्दसंग्रह बांधणाऱ्यांच्या स्क्रिप्ट जुन्या पत्त्यावर नव्या आवृत्तीचा शोध घेत होत्या. तो पत्ता बंद होण्याआधी प्रत्येक वितरणात बग नोंदवून नवा पत्ता, नवी आवृत्तीपद्धत आणि टॅगवरच्या सहीची चावी कळवली. हे काम कुणाच्याच यादीत सुरुवातीला नव्हतं.

सबव्हर्जनचा पूर्ण डंप, काढून टाकलेला वर्तमानपत्री मजकूर वगळून नव्हे तर त्यासकट, दोन वेगळ्या ठिकाणच्या डिस्कवर खासगी ठेवला आहे. सोबत त्याचा शा-२५६ आकडा (फाइल बदललेली नाही हे पडताळायला), रूपांतराच्या नियमांची फाइल, नावांची यादी आणि वापरलेल्या साधनांच्या आवृत्त्या. त्यातून रूपांतर पुन्हा करून तेच हॅश येतात का हे एकदा वेगळ्या संगणकावर तपासलं आहे. गिटहबवरच्या रेपोचा ‘पुश मिरर’ रोज रात्री दुसऱ्या एका यजमानाकडे जातो. महाविद्यालयाचा सर्व्हर त्यानंतरच बंद झाला.